नकाशाचें सॉफ्टवेअर काढतांना व पुन्हां बसवितांना

आमच्या शाळेच्या वरच्या वर्गांतील कांहीं विद्यार्थी अलीकडे भूगोलाच्या उपक्रमासाठीं कागद-शिसपेन बाजूस ठेवून संगणकावर नकाशे काढूं लागले आहेत, ही गोष्ट पालकांच्या कानावर आली असेलच. कामवारी नदीचा कांठ, वऱ्हाळदेवीचा तलाव, यंत्रमागांच्या गल्ल्या, अंजुर फाट्यापलीकडे पसरलेलीं गोदामें, हें सर्व आतां पडद्यावर उमटतें. या कामांत मुलें जितकीं रमतात, तितकींच एका प्रसंगीं घाबरतात. सॉफ्टवेअर बिघडलें, उघडेनासें झालें, किंवा घरीं नवा संगणक आला, कीं तें एकीकडून काढावयाचें व दुसरीकडे बसवावयाचें. आणि तसें करतांना वर्षभराचें काम तर जाणार नाहीं ना, ही धास्ती. आमच्या अनुभवाप्रमाणें ही धास्ती बहुधा जेथें असूं नये तेथें असते, आणि जेथें असावयास पाहिजे तेथें नेमकी कोणाच्याच मनांत नसते. म्हणून या विषयावर थोडें विस्तारानें लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम, असें सॉफ्टवेअर म्हणजे काय तें पाहूं. भारतीय सर्वेक्षण विभाग १७६७ पासून या देशाचे नकाशे काढीत आला आहे. त्याच्या पत्रकांच्या मांडणींत आपलें शहर ४७ ई/३ या पत्रकांत पडतें. त्या कागदावर नदी, रस्ते, तळीं, गांवांचीं नांवें हीं सारीं एकत्र छापलेलीं असल्यामुळें एक ठेवून दुसरें उचलतां येत नाहीं. संगणकावर मात्र प्रत्येकाचा निराळा थर असतो. जणूं काय एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागदच. जमिनीच्या उंचीच्या थरावर नदीचा थर, त्यावर घरांचा थर असे ठेवले, म्हणजे २६ जुलै २००५ सारख्या पावसांत पाणी कोणत्या वस्तीच्या दारांत प्रथम येईल, याचा अदमास बांधतां येतो. शिवाय प्रत्येक ठिपक्याच्या पाठीमागें एक तक्ता असतो. ठिपका गोदामाचा असेल तर त्याचें नांव, क्षेत्रफळ, आंत कोणता माल सांठविला आहे, हें सर्व त्या तक्त्यांत लिहितां येतें. हें काम करणारीं सॉफ्टवेअरें अनेक आहेत. अमेरिकेंतील रेडलँड्स गांवीं १९६९ सालीं स्थापन झालेल्या एस्री कंपनीचें आर्कजीआयएस हें सर्वांत प्रसिद्ध. मॅपइन्फो हें दुसरें. आपल्या जवळच पवईच्या आयआयटींत ग्राम प्लस प्लस नांवाचें एक सॉफ्टवेअर तयार झालें, तें पुष्कळांस ठाऊकही नसतें. आणि आमचे विद्यार्थी ज्यावर काम करतात तें क्यूजीआयएस. त्याविषयीं पुढें बोलूं.

आतां मुख्य मुद्दा. सॉफ्टवेअर, तें वापरण्याचा परवाना, आणि त्यावर तयार झालेला नकाशा, या तीन वस्तू निरनिराळ्या आहेत. भिवंडीच्या मुलांस हें समजावून देण्यास दूर जावें लागत नाहीं. माग, तो चालविण्याची परवानगी, आणि मागावर विणलेला तागा, या तीन गोष्टींची गल्लत येथें लहान मूलही करणार नाहीं. माग मोडींत काढला म्हणून तयार तागा कोणी फाडीत नाहीं. परवानगीची मुदत संपली तर माग जागच्या जागीं उभा राहतो, पण चालत नाहीं. आणि माग नवा आणला म्हणून जुना तागा आपोआप त्यावर चढत नाहीं. संगणकाच्या बाबतींत मात्र शहाणीं माणसेंही हा विवेक विसरतात.

परवान्याची गोष्ट आधीं घेऊं. कारण पैशाचा संबंध येतो तो तेथेंच. दुकानांतून वही विकत घेतली म्हणजे वही आपली झाली. सॉफ्टवेअर विकत घेतलें असें आपण म्हणतों, पण खरोखर आपण तें विकत घेत नाहीं. अमुक अटींवर तें वापरण्याची अनुज्ञा घेतों. आपल्या देशाच्या कायद्यानें संगणकाच्या प्रोग्रॅमला ग्रंथाच्या पंक्तीस बसविलें आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांत १९८४ सालीं जी दुरुस्ती झाली तिनें प्रोग्रॅम हा ‘साहित्यकृती’ या व्याख्येंत आला. ग्रंथ छापण्याचा हक्क जसा वाचकाकडे येत नाहीं, तसाच प्रोग्रॅमच्या प्रती काढून वाटण्याचा हक्क गिऱ्हाइकाकडे येत नाहीं. मात्र कायदा अगदींच कठोर नाहीं. ज्याच्याजवळ रीतसर प्रत आहे त्यानें ती नष्ट होण्याच्या भयानें एक राखीव प्रत करून ठेविली, तर तो गुन्हा होत नाहीं.

परवान्याचे प्रकार तीन-चार आहेत. एक परवाना अमुक एका संगणकाशीं बांधलेला असतो. दुसरा पुष्कळांत मिळून असतो: कचेरींत वीस संगणक, पण परवाने पांच, तेव्हां एका वेळीं पांचच जणांस काम करतां येतें, एकानें सोडला कीं दुसऱ्यास मिळतो. आमच्या वाचनालयांतील शब्दकोशाच्या प्रतींसारखा हा व्यवहार आहे. तेथें जसा ग्रंथपाल, तसा येथें परवाने देण्या-घेण्याचा हिशेब ठेवणारा एक निराळा संगणक असतो. तिसरा प्रकार माणसाच्या नांवावर दिलेला. तो संगणक पाहत नाहीं. आपलें नांव व सांकेतिक शब्द देऊन कोठेंही बसावें. याशिवाय मुदतीचा भेद आहे: कांहीं परवाने कायमचे, कांहीं वर्षावर्षाचे.

यांतील पहिल्या प्रकारांत एक खांच आहे, ती प्रत्येकानें नीट लक्षांत घ्यावी. परवाना संगणकाशीं बांधला गेला, कीं कंपनीच्या वहींत त्या संगणकाच्या नांवावर तो खर्चीं पडतो. आपण नुसतें सॉफ्टवेअर काढून टाकिलें तर ही नोंद पुसली जाईलच असें नाहीं. आर्कजीआयएसच्या आर्कमॅप या जुन्या सॉफ्टवेअरांत त्यासाठीं निराळी तजवीज आहे. परवाना आधीं ‘डीऑथराइज’ करावयाचा, म्हणजे कंपनीस परत करावयाचा. मग सॉफ्टवेअर काढावयाचें. नंतर दुसऱ्या संगणकावर तोच परवाना चढवावयाचा. हा क्रम उलटा झाला, किंवा संगणक भंगारांत गेल्यावर आठवण झाली, म्हणजे नवा संगणक परवाना मागतो आणि तो दुसरीकडे वापरांत आहे असें उत्तर येतें. मग कंपनीच्या ग्राहक-सेवेकडे अर्ज करून तो सोडवून घ्यावा लागतो. माणसाच्या नांवावरच्या परवान्यांतही असाच एक प्रसंग येतो. इंटरनेट नसलेल्या ठिकाणीं काम करावयाचें म्हणून परवाना कांहीं दिवस आपल्या संगणकांत उतरवून घेतां येतो; पण तो परत करण्यापूर्वीं संगणक बिघडला तर परवानाही त्याच्याबरोबर अडकून पडतो. ज्या पालकांच्या कचेऱ्यांत गोदामांचे वा जमिनीच्या मोजणीचे नकाशे होतात, त्यांनीं जुने संगणक विकण्यापूर्वीं एवढी चौकशी अवश्य करावी.

येथें एक अप्रिय गोष्ट बोलणें भाग आहे. महागडें सॉफ्टवेअर कुलूप तोडून फुकट किंवा शे-दोनशें रुपयांस बसवून देणारे लोक प्रत्येक शहरांत असतात, आणि मुलाच्या अभ्यासाची सोय होते एवढ्याच भावनेनें पालक त्यांच्याकडे जातात. त्यांस चोरीची बुद्धि नसते हें आम्ही जाणतों. तथापि कायदा जाणूनबुजून अशी प्रत वापरणारासही दोषी धरतो. शिक्षा सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद व पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड अशी आहे. वापर धंद्याच्या लाभासाठीं नसेल तर कैद न देण्याची व दंड पन्नास हजारांच्या आंत ठेवण्याची मोकळीक न्यायालयास आहे, पण तीही कांहीं समाधानाची बाब नव्हे. कायदा बाजूस ठेविला तरी व्यवहारदृष्ट्या पाहावें. कुलूप तोडणारा दाराची कडी काढूनच जातो. अशा प्रतीबरोबर संगणकांत काय काय शिरलें हें बसविणारासही माहीत नसतें. आणि ती बिघडली तर दाद मागावयास जागा नाहीं.

आणि हा सारा खटाटोप करण्याची मुळीं गरजच नाहीं, ही यांतील नवलाची गोष्ट. क्यूजीआयएस या सॉफ्टवेअरचा आरंभ गॅरी शर्मन नांवाच्या गृहस्थांनीं २००२ सालीं केला. त्याची पहिली पूर्ण आवृत्ति २००९ सालीं निघाली. आज जगांतील अनेक देशांचे लोक मिळून तें वाढवितात. त्यालाही परवाना आहे. परवाना नाहीं असें समजणें चुकीचें होय. पण तो परवाना बंदी घालण्यासाठीं नसून मुभा देण्यासाठीं आहे. त्यास जीपीएल असें म्हणतात. कोणीही, कोणत्याही कामासाठीं, कितीही संगणकांवर तें वापरावें. त्याची रचना उघडून पाहावी. तींत फेरफार करावा. प्रती काढून वाटाव्या. अट मुख्यतः अशी, कीं बदललेली प्रत दुसऱ्यास द्यावयाची तर ती याच मुभेसह द्यावी व तिची मूळ रचना झांकून ठेवूं नये. ज्यानें विहिरीचें पाणी घेतलें त्यानें विहिरीवर कुलूप लावूं नये, इतकीच ही अट. परवाना परत करण्याचा प्रश्न येथें उद्भवत नाहीं, म्हणून काढणें व बसविणें फार सोपें.

फार सोपें आहे म्हणूनच मुलें तें उठल्यासुटल्या करतात. एका विद्यार्थ्याच्या संगणकावर क्यूजीआयएस उघडतांच बंद पडत असे. त्यानें तें तीन वेळां काढलें व तीन वेळां बसविलें. बिघाड जशाचा तसा. असें कां व्हावें? कारण हें आहे, कीं विंडोजच्या सेटिंग्जमध्यें जाऊन आपण जें काढतों तो फक्त प्रोग्रॅम असतो. आपण केलेल्या आवडीनिवडी, जोडलेलीं जादा साधनें ज्यांस ‘प्लगइन’ म्हणतात तीं, खिडक्यांची मांडणी, हें सारें क्यूजीआयएस निराळ्या ठिकाणीं, वापरणाराच्या खाजगी फोल्डरांत, ‘ॲपडेटा’ या सहसा न दिसणाऱ्या जागीं ठेवतें. त्यास ‘प्रोफाइल’ म्हणतात. सॉफ्टवेअर काढलें तरी तें तेथेंच राहतें, आणि नवें बसविलें कीं तें पुन्हां त्याच जुन्या प्रोफाइलास जाऊन मिळतें. घर नव्यानें बांधलें, पण गळकी घागर तीच आंत आणून ठेविली, असा हा प्रकार. या विद्यार्थ्याच्या बाबतींत दोष एका प्लगइनचा होता. त्यास जुनें प्रोफाइलचें फोल्डर नांव बदलून बाजूस ठेवावयास सांगितलें. पुढच्या वेळीं क्यूजीआयएसनें कोरें प्रोफाइल आपण होऊन तयार केलें, व काम सुरू झालें. सॉफ्टवेअर उघडत असेल तर हेंही करावयास नको. सेटिंग्जच्या यादींत नवें प्रोफाइल करण्याची सोय आहेच. तेव्हां काढण्यापूर्वीं हा उपाय करून पाहावा. नवी आवृत्ति हवी असेल तर जुनी काढलीच पाहिजे असेंही नाहीं. दोन आवृत्त्या एका संगणकावर शेजारीशेजारी सुखानें नांदतात.

आतां नकाशाकडे वळूं. वर जी धास्ती म्हटली ती येथें असावयास पाहिजे, आणि येथेंच ती आढळत नाहीं.

क्यूजीआयएसमध्यें ‘सेव्ह’ केलें म्हणजे जी फाइल तयार होते, तिला मुलें नकाशा समजतात. तो नकाशा नव्हे. ती नकाशाची यादी आहे. अमुक थर अमुक फोल्डरांत आहे, तो निळ्या रंगांत दाखवावा, हा त्याच्या वर ठेवावा, एवढेंच तिच्यांत लिहिलेलें असतें. नदीची रेषा स्वतः दुसऱ्या फाइलींत असते. मुलगा यादी तेवढी पेनड्राइव्हवर घेऊन शाळेंत येतो, आणि उघडून पाहतो तों सर्व थरांपुढें ‘सांपडत नाहीं’ अशी खूण. घरच्या संगणकावर फाइली सुरक्षित असतील तर हानि एका दिवसाचीच; परंतु घरचा संगणक त्याच रात्रीं पुसून नवा केला असेल, तर वर्षाचें काम गेलें. आर्कमॅपच्या एमएक्सडी फाइलीसही हाच नियम लागू आहे.

दुसरा धोका याहून गुप्त आहे. घाईंत कांहीं आंखावयाचें असतां क्यूजीआयएसमध्यें ‘टेंपररी स्क्रॅच लेयर’ म्हणून एक थर उघडतां येतो. तो केवळ संगणकाच्या स्मरणांत असतो. डिस्कवर त्याचा मागमूस नसतो. क्यूजीआयएस बंद केलें कीं तो गेला. बंद करतांना सूचना मिळते खरी, परंतु सूचना न वाचतां ‘होय’ दाबण्याची संवय मुलांस व मोठ्यांस सारखीच आहे. तेव्हां असा थर त्याच बैठकींत फाइल करून ठेवावा.

तिसरी गोष्ट शेपफाइलची. नकाशाच्या थरांचा हा जुना व सर्वत्र चालणारा प्रकार. पण नांव एक असलें तरी ती एक फाइल नसते. एसएचपी, एसएचएक्स व डीबीएफ अशा किमान तीन फाइली मिळून ती होते: पहिलींत आकार, दुसरींत त्यांची अनुक्रमणी, तिसरींत तक्ता. एक जरी मागें राहिली तरी बाकीच्या पंगु होतात. चौथी पीआरजे, आंकडे कोणत्या मापाचे आहेत हें ती सांगते. भिवंडी अक्षांश १९ अंश १८ कला व रेखांश ७३ अंश ४ कला यांच्या आसपास आहे. पृथ्वीचे जे साठ पट्टे मोजणीसाठीं कल्पिले आहेत त्यांतील ४३ व्या पट्ट्यांत ती येते, व त्या पट्ट्यांत माप मीटरांनीं होतें. पीआरजे हरवली आणि कोणी अंदाजानें अंशांस मीटर म्हटलें, तर आपलीं सारीं गोदामें विषुववृत्तावर, मालदीव बेटांच्या पश्चिमेस, भर समुद्रांत जाऊन पडतात! पांचवी सीपीजी, अक्षरें कोणत्या पद्धतीनें लिहिलीं आहेत हें तिच्यांत असतें. इंग्रजी नांवांचें तिच्यावांचून फारसें अडत नाहीं. पण तक्त्यांत ‘शेलार’, ‘काल्हेर’, ‘राहनाळ’ अशीं गांवांचीं नांवें मराठींत लिहिलीं असतील, तर ही फाइल गेल्यावर त्या जागीं प्रश्नचिन्हांची व चित्रविचित्र खुणांची रांग दिसण्याचा संभव असतो.

मराठीवरून आठवलें. शेपफाइलच्या तक्त्यांत रकान्याच्या मथळ्यास फक्त दहा घरें असतात. इंग्रजी अक्षरास एक घर पुरतें. देवनागरीच्या प्रत्येक अक्षरास, तसेंच प्रत्येक काना, मात्रा व अनुस्वारास, हल्लीच्या युनिकोड पद्धतींत सामान्यतः तीन घरें लागतात. म्हणून ‘गाव’ हा मथळा नऊ घरांत बसतो, आणि आमच्यासारखा जुन्या वळणाचा माणूस ‘गांव’ असें लिहूं गेला, कीं अनुस्वारापायीं बारा घरें होऊन शेवटचा व तुटतो. आमच्या शुद्धलेखनाचा एवढा निर्दय निकाल आजवर कोणत्याही परीक्षकानें लाविला नव्हता.

या सर्व उपद्रवांतून सुटण्यास जिओपॅकेज नांवाचा नवा प्रकार चांगला. त्याचें प्रमाण २०१४ सालीं ठरलें. सर्व थर एकाच फाइलींत राहतात, मथळे मराठींत मोकळेपणानें लिहितां येतात, आणि क्यूजीआयएस व आर्कजीआयएस दोन्ही तो वाचतात. सॉफ्टवेअर काढण्यापूर्वीं सर्व थर अशा एका फाइलींत आणावे, ती फाइल व यादीची फाइल एका फोल्डरांत ठेवावी, तें फोल्डर पेनड्राइव्हवर घ्यावें, आणि दुसऱ्याच एखाद्या संगणकावर उघडून पाहावें. हें शेवटचें पाऊल आळसानें गाळलें जातें; पण उघडून न पाहिलेली प्रत ही प्रत नव्हे, असें आम्ही वर्गांत सांगत असतों.

ज्यांच्याजवळ आर्कमॅपचें जुनें काम आहे त्यांस तर हें विशेष तांतडीचें. आर्कमॅपची शेवटची आवृत्ति १०.८.२ ही असून तिला कंपनीचें साहाय्य मिळण्याची अखेरची तारीख १ मार्च २०२६ ठरविली गेली. त्या दिवशीं कोणाचा आर्कमॅप आपोआप बंद पडणार, असा याचा अर्थ नव्हे. पण नव्या संगणकावर तो पुन्हां बसवितांना कांहीं अडलें तर विचारावयास कोणी नाहीं. कंपनीच्या नव्या आर्कजीआयएस प्रो या सॉफ्टवेअरांत जुन्या एमएक्सडी फाइली आणतां येतात. क्यूजीआयएस मात्र त्या जशाच्या तशा उघडीत नाहीं. म्हणून माग चालूं आहे तोंवरच तागे उतरवून घेणें बरें. थर शेपफाइल किंवा जिओपॅकेज करून ठेविले, म्हणजे रंगरंगोटी पुन्हां करावी लागली तरी मोजमाप व तक्ते हातचे जात नाहींत.

शेवटीं आणखी एका परवान्याचा उल्लेख केला पाहिजे; कारण सॉफ्टवेअर फुकट मिळालें म्हणजे नकाशांतील माहितीही बेवारशी आहे असें मुलांस वाटतें. आपले विद्यार्थी रस्ते व इमारती बहुधा ओपनस्ट्रीटमॅपवरून घेतात. २००४ सालीं सुरू झालेला हा नकाशा लोकांनींच वर्गणीसारखी थोडी थोडी माहिती देऊन उभा केला आहे. तो मोफत आहे. पण २०१२ पासून त्याच्या परवान्याची अट अशी, कीं वापरणारानें तो कोणाचा आहे तें नकाशावर नमूद करावें, आणि त्याच्या माहितींत भर घालून ती भर प्रसिद्ध केली तर तीही इतरांस त्याच अटीवर खुली करावी. आपल्या मुलांनीं नदी नाक्यापासून पायीं फिरून ज्या गल्ल्यांचीं नांवें जमविलीं, तीं उद्यां दुसऱ्या कोणास अशाच रीतीनें मिळतील. नकाशाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यांत ‘माहिती: ओपनस्ट्रीटमॅपचे योगदानकर्ते’ एवढी ओळ, आणि तिच्याखालीं गल्ल्या फिरणाऱ्या वर्गाचें नांव व वर्ष, असें लिहावें, त्याला बोटभर जागा पुरते.